ऋतू बदलताना काय बदलायचं, आणि किती हळू बदलायचं

जूनचा दुसरा-तिसरा आठवडा, मग ऑक्टोबर, आणि मग फेब्रुवारीचा शेवट ते होळी. या तीन वेळांना कुठल्याही फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन बघा, बसायला खुर्ची मिळत नाही. सर्दी, घसा, ताप, बिघडलेलं पोट, पित्त, अंगाला खाज, आणि जो तो म्हणतो "हवा बदललीय ना". हवा बदललीय हे खरंच, पण ती दरवर्षी बदलते आणि साधारण त्याच दिवसांत बदलते, मग आपण आधीच थोडी तयारी का करू नये? आयुर्वेदात या तयारीला ऋतुचर्या म्हणतात आणि त्यातलं बहुतेक सगळं स्वयंपाकघरात आणि झोपण्या-उठण्याच्या वेळेत बसतं, त्यासाठी महागडी पाकिटं विकत आणायची गरज पडत नाही.

वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ऋतुचर्येचा अख्खा अध्याय आहे. सहा ऋतूंमध्ये काय खायचं, काय टाळायचं हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी एक छोटीशी गोष्ट येते, आणि मला विचाराल तर तीच सगळ्यात कामाची आहे, पण लोक नेमकी तीच विसरतात. संपत आलेल्या ऋतूचे शेवटचे 7 दिवस आणि नव्या ऋतूचे पहिले 7 दिवस मिळून होते ऋतुसंधी. या पंधरवड्यात जुन्या ऋतूच्या सवयी हळूहळू सोडायच्या आणि नव्या ऋतूच्या हळूहळू लावायच्या. एकदम सोडलं किंवा एकदम धरलं तर त्यानेच आजार होतात, असं तिथे स्पष्ट सांगितलंय.

म्हणजे नेमकं काय करायचं? चरकसंहितेत सवय सोडायची रीत दिलीय, पाव-पाव भागाने. समजा उन्हाळाभर तुम्ही फ्रिजचं गार पाणी पिताय आणि आता पाऊस सुरू होतोय. पहिल्या दिवशीच गार बंद करून उकळता काढा सुरू केला की घसा धरलाच म्हणून समजा. त्याऐवजी ग्लासात पाव भाग साधं पाणी आणि बाकी गार, असं तीन-चार दिवस. मग निम्मं-निम्मं, पुन्हा तीन-चार दिवस. मग तीन पाव साधं, आणि मग पूर्ण साधं किंवा कोमट. पंधरा दिवस होतात बरोब्बर. हाच हिशेब दह्याला, आइस्क्रीमला, पहाटेच्या गार पाण्याच्या आंघोळीला, एसीच्या आकड्याला, सगळ्याला लागू. एसी 20 वर लावून झोपायची सवय असेल तर पावसाळा लागताना 22, मग 24, मग नुसता पंखा असं उतरत या.

आता एक अडचण. पुस्तकी हिशेबाने श्रावण-भाद्रपद वर्षा ऋतू, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर, चैत्र-वैशाख वसंत आणि ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म. पण आपल्याकडे मुंबईत 11 जूनच्या आसपास मान्सून येतो, म्हणजे बहुतेक वर्षी ज्येष्ठातच, आणि चैत्र-वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे 44-45 डिग्री असतं तिथे वसंत कुठला शोधणार. म्हणून कालनिर्णय बघून चालू नका, आभाळ बघा आणि आपलं अंग बघा. सकाळी पंखा नकोसा वाटायला लागला, ओठ फुटायला लागले, वाळत घातलेले कपडे दुसऱ्या दिवशीही दमट लागतात, भूक आपोआप मंदावली, या खुणा दिसल्या की तुमच्या गावात ऋतुसंधी सुरू झाली. कोकणातल्या माणसाची आणि विदर्भातल्या माणसाची ती एकाच दिवशी येणार नाही.

उन्हाळा संपून पाऊस लागताना

आयुर्वेदात वात, पित्त आणि कफ असे शरीराचे तीन दोष मानतात. उन्हाळ्यात शरीर कोरडं होऊन त्यातला वात साठत जातो आणि पाऊस पडला की तो उसळतो, शिवाय भूक पार मंद होते. सांधे कुरकुरतात, गॅसेस होतात, पोट फुगतं ते यामुळे. आणि नेमकं तेव्हाच आपल्याला कांदाभजी, वडापाव आठवतात! पहिल्या पावसाची भजी खा, त्याला कोण नाही म्हणतंय, पण ती रोजची करू नका आणि रात्री तर नकोच.

या दिवसात पचनाला आधार लागतो. आमच्याकडे सुंठ, गूळ आणि तूप सारख्या मापाने घेऊन बोराएवढ्या गोळ्या वळतात, सकाळी नाश्त्याच्या आधी एक चघळायची. शुगर असेल त्यांनी ही गोळी सोडून द्या आणि जेवणाआधी आल्याचा पातळ काप सैंधव लावून खा, तेवढं पुरतं. पाणी 10 मिनिटं चांगलं रटरट उकळून, हवं तर त्यात सुंठेचा छोटा तुकडा टाकून, मग गाळून प्यायचं. धान्य जुनं घ्या. नवा तांदूळ असेल तर तो आधी कढईत कोरडाच भाजून घ्या, भात मोकळा होतो आणि हलकाही होतो.

आणि मुगाचं कढण. हे करायला सोपं आहे पण लोक घाई करतात म्हणून सविस्तर सांगते. पाव वाटी हिरवे मूग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजायचे, करपवायचे नाहीत. मग दोन वाट्या पाण्यात मऊ शिजवायचे, कुकर चालेल. चांगले घोटून गाळून घ्यायचे, वरचं पातळ कढण वेगळं. छोट्या कढल्यात चमचाभर तूप, जिरं तडतडलं की चिमूटभर हिंग, आणि ती फोडणी कढणावर ओतायची, सैंधव मीठ आणि दोन चिमटी सुंठ. संध्याकाळी 7 च्या सुमारास एवढंच प्यायलं आणि सोबत थोडा मऊ भात घेतला की सकाळी पोट इतकं हलकं असतं! ज्यांना पावसाळ्यात ॲसिडिटी होते त्यांनी सुंठ कमी करा.

पालेभाज्या पावसाळ्यात चिखलाच्या येतात, त्यात अळ्या-किडे असतात आणि श्रावणात पालेभाजी सोडायची, भाद्रपदात दही सोडायचं हे चातुर्मासाचे जुने नियम इथे पूर्ण पटतात. कांदेनवमीला पोटभर कांदा खाऊन मग चार महिने सोडणं हेही मला त्याच धाग्यातलं वाटतं. उपासाचं मात्र नीट बघा. उपास म्हणजे पोटाला विश्रांती, आणि आपण करतो काय तर साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, वर तळलेले पापड, आणि दुपारी पुन्हा बटाट्याचा कीस. हे सगळं पचायला रोजच्या वरण-भाताहून जड आहे. श्रावणी सोमवारी वरीचे तांदूळ भाजून केलेली भगर, दाण्याची पातळ आमटी, ताजं ताक, एखादं फळ, बस.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. पावसाळ्यातला ताप घरगुती काढ्यावर काढू नका. जुलै ते ऑक्टोबर डेंगी, मलेरिया, लेप्टोचे दिवस असतात. ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला, किंवा डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंगावर पुरळ आलंय, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी झालीय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि रक्त तपासा. तोवर मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेऊ नका, डेंगी असेल तर रक्तस्रावाची भीती असते. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालत यावं लागलं असेल तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टरांना विचारा, लेप्टो होऊ नये म्हणून ते गोळी देतात आणि ती वेळेत घेतली तरच उपयोग. आयुर्वेद तब्येत सांभाळायला आहे, आणि अशा वेळी टेस्ट करून घेणं हे पण सांभाळणंच आहे.

पाऊस संपून ऑक्टोबर हीट

हा भाग मी जास्त लिहिणार आहे कारण वर्षातली सगळ्यात अवघड ऋतुसंधी हीच. संस्कृतात एक सुभाषित आहे, "वैद्यानां शारदी माता पिता तु कुसुमाकरः", शरद ऋतू ही वैद्यांची आई आणि वसंत हा बाप, म्हणजे या दोन ऋतूंमध्ये त्यांचं घर चालतं इतके पेशंट येतात. कारण सरळ आहे. पावसाळाभर दमट हवेत, आंबूस पचनात पित्त साठत जातं. मग ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस परततो, आभाळ स्वच्छ होतं आणि ऊन एकदम चटके देतं, मुंबईत पारा 35 च्या घरात आणि वर घामाची चिकचिक. साठलेलं पित्त त्या उन्हाने उसळतं. तोंड येणं, हातापायांची आग, घोळणा फुटणं, डोळे लाल, अंगावर पित्ताच्या गांधी, अर्धं डोकं दुखणं, चिडचिड, हे सगळं घरोघरी.

आणि गंमत बघा, अडचण अशी की पावसाळ्यात जे चांगलं होतं तेच आता नडतं. सुंठ, आलं, लसूण, गरम गरम, आंबट-खारट, हे वर्षा ऋतूत वाताला बरं होतं, पण ऑक्टोबरमध्येही सुंठेची गोळी आणि आल्याचा कडक चहा तसाच चालू ठेवला तर आगीत तेल. म्हणून गणपती विसर्जन झालं की पितृपक्षातच बदल सुरू करून टाका, नवरात्र उजाडेपर्यंत तो पूर्ण होतो.

पहिले काही दिवस फक्त एवढंच: सुंठेची गोळी एक दिवसाआड, चहातलं आलं निम्मं, भाजीत हिरवी मिरची चारऐवजी तीन. मग पुढच्या आठवड्यात सुंठ बंद, आल्याऐवजी चहात वेलची किंवा गवती चहा, लोणचं-पापड-ठेचा ताटातून बाजूला, इडली-डोसा-ढोकळा असलं आंबवलेलं आठवड्यातून एकदाच. त्याचबरोबर कडू, गोड आणि तुरट वाढवत न्या. पडवळ, दुधी, दोडका, कारलं, मूगडाळ, ज्वारी, आवळा, डाळिंब, काळ्या मनुका. साजूक तूप या ऋतूत खरंच औषध आहे, वरण-भातावर चांगलं चमचाभर सोडा, वजन आणि कोलेस्टेरॉल सांभाळायचं असेल तर तेल कमी करून तूप घ्या, दोन्ही भरपूर नको.

पडवळ बऱ्याच घरात कुणी खात नाही, त्यांनी असं करून बघा. कोवळं पडवळ उभं चिरून आतला गर काढायचा, पातळ चकत्या, थोडं मीठ लावून 10 मिनिटं ठेवायचं आणि पिळायचं. तुपात जिरं-हिंग-कढीपत्ता, तासभर भिजवलेली मूठभर मूगडाळ, वरून पडवळ, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायचं. शेवटी ओलं खोबरं आणि किंचित साखर. मिरची घालायचीच असेल तर एखादी अख्खी, मोडू नका. मुलंही खातात.

धने-जिऱ्याचं पाणी रोज. चमचाभर धने, अर्धा चमचा जिरं जरासं ठेचून रात्री ग्लासभर पाण्यात टाकायचं, सकाळी हाताने कुस्करून गाळायचं, खडीसाखर घालून प्यायचं. काळ्या मनुका दहा-बारा रात्री भिजवून सकाळी त्या पाण्यासकट, पोट साफ राहतं. आमसूल भिजवून त्याचं पाणी जिरं-साखर घालून दुपारी. अंगावर गांधी उठल्या की आमसुलाचं पाणी लावायची पद्धत कोकणात घराघरात आहे, बरं वाटतं, पण ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला तर ते पित्त घरी बघायचं नसतं, सरळ हॉस्पिटल.

शरद ऋतूत दिवसा उन्हाने तापलेलं आणि रात्री चांदण्यात निवलेलं पाणी प्यावं असं ग्रंथात आहे, त्याला हंसोदक म्हणतात. फ्लॅटमध्ये कसं करणार असं वाटेल, पण स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात गाळलेलं पाणी, वर पांढरं स्वच्छ फडकं बांधून गॅलरीत ठेवता येतं की. पाणी आधी पिण्यालायक असलंच पाहिजे हं, ऊन-चांदण्याने फिल्टरचं काम होणार नाही.

कोजागरीचं दूध याच हिशेबात बसतं, दूध पित्त शमवतं. पण दूध आटवून, केशर-वेलची-चारोळी घालून छान वाटीभर प्यायचं आणि त्याच्याच जोडीला भेळ, बटाटेवडे आणि आंबट-तिखट चटणी, हा जो सोसायट्यांच्या गच्चीवर मेनू असतो तो मला अजिबात पटत नाही. दूध आणि आंबट-खारट एकत्र हे विरुद्ध अन्न. खायचंच तर भेळ 8 ला, दूध चंद्र वर आल्यावर 11-12 ला, मध्ये चांगलं अंतर ठेवा. रात्री जागल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ताणून देऊ नका, शरदात दिवसाची झोप नको म्हणतात, ती फक्त उन्हाळ्यात चालते.

उन्हाचं राहिलंच. 11 ते 4 शक्यतो सावलीत. टोपी, सुती कपडे. ज्यांना तीळतेलाने आग होते त्यांनी या दोन महिन्यात खोबरेल लावावं, तळपायाला रात्री थोडं तूप चोळून झोपलं तर डोळ्यांची आग कमी होते, काशाची वाटी असेल तर त्याने घासा.

दिवाळीनंतर

शार्ङ्गधरसंहितेत कार्तिकातले शेवटचे 8 दिवस आणि मार्गशीर्षातले पहिले 8 दिवस यांना यमदंष्ट्रा म्हटलंय, यमाची दाढ, आणि या दिवसात जो थोडं खातो तो जगतो असं सांगितलंय. आपण नेमके तेव्हा दिवाळीचा उरलेला चिवडा-शंकरपाळी संपवत असतो आणि लग्नांच्या पंगती सुरू होतात! त्या पंधरा दिवसात पोट थोडं रिकामं ठेवून उठा, एवढं केलं तरी पुष्कळ.

मग मात्र थंडी नीट पडली की उलटं. थंडीत जठराग्नी जोरात असतो आणि त्याला भरपूर खायला घालायचं असतं, उपाशी राहून डाएट करायचा हा ऋतू नाही. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, उडदाचं घुटं, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, भोगीची भाजी, संक्रांतीचा तिळगूळ, सगळं आपल्या आज्यांनी बरोबर लावून ठेवलंय. दिवाळीला सुरू केलेलं अभ्यंग पुढे सोडू नका, रोज जमत नसेल तर रविवारी. दोन-तीन चमचे तीळतेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, टाळू, कान आणि तळपाय या तीन जागा तरी चुकवू नका, अर्ध्या तासाने आंघोळ. ताप, सर्दी, अपचन असेल त्या दिवशी तेल नको. व्यायाम वाढवायचा असेल तर तो आत्ता, पण अर्ध्या ताकदीने. कपाळावर, काखेत घाम आला, तोंड कोरडं पडलं की थांबा.

थंडी सरताना

फेब्रुवारी-मार्चमध्ये थंडीत साठलेला कफ उन्हाने पातळ होतो आणि नाक गळायला लागतं, लहान मुलांचा खोकला थांबत नाही. तेव्हा लाडू बंद, दही बंद, मैदा-मिठाई कमी, दुपारची झोप पूर्ण बंद. जुने गहू, जव, ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, कोमट पाण्यात चमचाभर मध. मध उकळत्या पाण्यात घालायचा नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नका. पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, चिंच, ओवा, जिरं, हिंग, मिरे वाटून जी गोळी खातो ती एका दिवसापुरती न ठेवता पुढे आठ-दहा दिवस खाल्ली तर उपयोग दिसेल. थंडी गेली म्हणून स्वेटर आणि गोधडी एका दिवसात माळ्यावर टाकू नका, पहाटे अजून गारठा असतो.

उन्हाळ्याचं सगळ्यांना माहीतच आहे. पन्हं, कोकम, सब्जा, वाळ्याचं पाणी, नाचणीची आंबील, दुपारची डुलकी. फक्त उन्हातून आल्या आल्या फ्रिजचं पाणी नको, माठाचं प्या, तेही दहा मिनिटं बसून.

आणखी थोडं, काढ्यांबद्दल. 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिऱ्याचा काढा सांगितला तेव्हापासून लोक बाराही महिने, दिवसातून तीन-तीनदा काढा पितात, अगदी मे महिन्यात सुद्धा. हा उष्ण काढा आहे, तो थंडीत आणि पावसाळ्यात, थोडे दिवस, कपभर. गुळवेलही रोज मनाने घेऊ नका. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटना लिव्हरचा त्रास झाल्याची नोंद केली होती, मंत्रालयाला ते मान्य नव्हतं आणि वाद झाला, पण ज्यांना आधीच लिव्हरचा, थायरॉइडचा किंवा ऑटोइम्यून त्रास आहे त्यांनी वैद्य आणि डॉक्टर दोघांना विचारल्याशिवाय हात लावू नये. शरदातलं विरेचन (औषधाने जुलाब), वसंतातलं वमन (औषधाने उलटी), पावसाळ्यातली बस्ती (औषधी एनिमा) ही पंचकर्मं तर व्हिडिओ बघून घरी करायची नसतातच, बीएएमएस झालेल्या वैद्यांकडे जा, नाडी-जीभ-पोट बघून ते ठरवू देत. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, तर वर लिहिलेलं सुद्धा आधी विचारून.

आणि जे डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याहून दिल्लीला, किंवा मुलीकडे मेलबर्न-टोरांटोला जातात, त्यांचा ऋतू विमानात काही तासात बदलतो, मेलबर्नला तर तेव्हा भर उन्हाळा असतो. तिथे पोचल्यावरचे पहिले पंधरा दिवस तीच तुमची ऋतुसंधी समजा. पहिले चार-पाच दिवस मूगडाळीची खिचडी-तूप आणि कोमट पाणी, जेवण घरच्या वेळेलाच लावून घ्या, आणि बॅगेत सुंठ, ओवा, धने-जिरं आणि आमसुलाची एकेक छोटी पुडी न्या. ऑस्ट्रेलियाला जाताना मात्र त्या पुड्या विमानतळावर फॉर्मवर लिहून दाखवाव्या लागतात, लपवून नेऊ नका.